सहाव्या मजल्यावरची केबिन

“मला बोट लागते,” या एका सबबीवर नवऱ्याने पंचवीस वर्षं क्रूझचं नावही काढू दिलं नव्हतं. यंदा लेकीने गळ घातली, तेव्हा कुठे स्वारी तयार झाली. बायकोने जहाजाचा नकाशा टेबलावर पसरला आणि मोठ्या हौसेने सहाव्या मजल्यावरच्या एका केबिनवर खूण केली.

“ती नको गं,” दाढी करता करता तो म्हणाला, “डोक्यावरच स्वयंपाकघर आहे, पहाटेपासून झोपेचं खोबरं होतं. आणि दुसऱ्या बंदरावर ती किल्ल्याची सहल घेऊ नकोस. पायऱ्या चढून जीव जातो नुसता.”

तिने खूण खोडली.



मग फॉर्मवरच्या ‘यापूर्वी क्रूझ केली आहे का?’ या प्रश्नाला स्वतःच्या नावापुढे ‘नाही’ लिहून तिने विचारलं, “तुमच्यापुढे काय लिहू?”