चौदावं होल

अनुयानं गोल्फ कोर्स दिसेल असंच टेबल घेतलं होतं. संजीव तिच्यासमोर बसला आणि त्यानं खुर्ची हळूच समुद्राकडे वळवून घेतली.

सेंटोसा बेटावरचं ते रिसॉर्ट भूमध्य सागराच्या काठावरून उचलून आणल्यासारखं होतं. पांढऱ्या भिंती, निळ्या खिडक्या, कुंड्यांत ऑलिव्हची झाडं. समोर नांगरलेली मालवाहू जहाजं तेवढी सिंगापूरची होती. तीन वर्षांत इथे काहीच बदललं नव्हतं.

"भार्गवी कशी आहे?" अनुयानं विचारलं.

"बरी आहे. तू?"

"मीही."

तीन वर्षांपूर्वी लग्नाच्या वाढदिवसाला अनुयाच्या नवऱ्यानं, अभयनं, इथे दोन दिवसांसाठी खोली घेतली होती. अभय आणि संजीव पुण्याच्या कॉलेजपासूनचे मित्र. दुसऱ्या दिवशी दुपारी अभयनं त्याला शेजारच्या कोर्सवर खेळायला बोलावलं. दोघं चौदाव्या होलवर असताना विजांचा इशारा देणारा सायरन वाजला. संजीव शेडमध्ये पोचला. अभय पोचला नाही.

पोलिसांना, अनुयाला आणि पुण्याहून आलेल्या अभयच्या आईला संजीवनं एकच सांगितलं होतं. मी हाका मारल्या, त्यानं ऐकलं नाही.

तेव्हापासून तो सायरन त्याच्या मागे लागला होता. तोआ पायोहला त्याच्या फ्लॅटसमोरच्या शाळेच्या मैदानावर तसाच सायरन होता. तो वाजला की संजीव असेल तिथे उभा राही, हातातला घास हातात. पुढे पुढे हार्बरफ्रंटच्या ऑफिसातही तो ऐकू यायला लागला. एकदा मीटिंग थांबवून त्यानं विचारलं, "ऐकू आला का?" सगळे त्याच्याकडे बघत राहिले. त्याची बायको भार्गवी जिला चेष्टेनं 'गोल्फची बॅट' म्हणायची, ती गोल्फची काठीसुद्धा त्यानं घरात ठेवली नाही.

आणि मंगळवारी अनुयाचा मेसेज आला. 'शनिवारी रिसॉर्टवर येशील? त्या दिवसाबद्दल बोलायचंय.'

"जा," भार्गवी म्हणाली. "तिला काहीतरी विचारायचं असेल. शेवटी तूच होतास ना त्याच्याबरोबर."

तीच तर भीती होती. त्या दिवशी बातमी सांगायला तो कोर्सवरून धावत आला तेव्हा अनुया खोलीत नव्हती, पूलवरही नव्हती. लॉबीच्या दारात उभी होती, प्रवासाला निघाल्यासारखे बूट घालून. त्याला पाहताच दचकून म्हणाली, "अभयनं पाठवलं तुला?" त्यापुढचं काही त्याला नीट आठवत नव्हतं. तेवढं एक वाक्य आठवत होतं.

"इथे का बोलावलंस?" त्यानं आता विचारलं.

"घरी बोलणं जमलं नसतं. फोनवर तर नाहीच." तिनं ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "तीन वर्षं मनात घोळतंय, संजीव."

पश्चिमेकडून ढग भरून आले. वारा पडला. आणि गोल्फ कोर्सवरून सायरन सुरू झाला.

या वेळी तो सगळ्यांनाच ऐकू आला. लाइफगार्डनं शिट्टी मारली. पूलमधली मुलं कुरकुरत बाहेर आली. "फाइव्ह मिनिट्स ओन्ली लाह!" एक मुलगी आईला विनवत होती. हिरवळीवरून चारपाच माणसं शेडकडे निघाली. त्यांतला एक रेंगाळला.

संजीवला ते बघवेना.

"मी खोटं बोललो," तो म्हणाला.

अनुयानं मान वर केली.

"मी हाका मारल्याच नाहीत. उलट सायरन झाल्या झाल्या तो म्हणाला, चल, पुरे. पण त्या दिवशी मी पुढे होतो. आयुष्यात पहिल्यांदा. माझा चेंडू होलमध्ये गेला होता, त्याचा पार तिकडे वाळूत. मी म्हटलं, हरायला आलास म्हणून पळतोस? एवढं होल संपव. आणि मी स्वतः शेडमध्ये जाऊन उभा राहिलो. तो हसला आणि वाळूकडे गेला. माझ्यासाठी गेला, अनुया. माझ्या एका होलसाठी."

 पहिले टपोरे थेंब बाहेरच्या फरशीवर पडले.

"तुला जे म्हणायचं ते म्हण," संजीव म्हणाला. "मला ऐकायचंय."

"तो वाळूतून मारत होता का?"

"काय?"

"तू पाहिलंस मारताना?"

संजीवनं आठवून पाहिलं. "नाही. पाठमोरा उभा होता. मधेच. बराच वेळ. मला वाटलं, शॉटचा अंदाज घेतोय."

"तो माझ्याशी फोनवर बोलत होता."

सायरन थांबला. 

"खूप हसत होता," ती म्हणाली. "म्हणाला, संज्या आज जिंकतोय, मी माझा चेंडू उचलून खिशात टाकला, जिंकू दे त्याला. पाऊस येतोय, सरळ खोलीवरच येतो, पाच मिनिटांत पोचतो."

"मग तो आला का नाही?"

"मी म्हटलं, एवढ्यात येऊ नकोस." तिचा आवाज अगदी सपाट होता. "तो म्हणाला, का गं? मी म्हटलं, थांब ना जरा तिथेच. काय कारण सांगावं ते मला सुचेना, म्हणून मी बोलत राहिले, आणि तो ऐकत तिथेच उभा राहिला."

"पण का?"

"त्याला सोडून चालले होते मी, संजीव. बॅग अर्धीच भरून झाली होती."