चौथं मिनिट

"मॅडम, सापडला!" विद्यार्थिनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवरून उठत म्हणाली. हिरवट पडद्यावर चाकांसारखे गोल विषाणू दाटीवाटीने बसले होते.

नमुना परवाच्याच बाळाचा होता. 'विषाणू आढळला नाही' असा रिपोर्ट परवा डॉक्टरबाईंनी स्वतः दिला होता. त्या भरवशावर वॉर्डाने बाळाला इतर मुलांतच ठेवलं, आणि आज आणखी चार बाळांना जुलाब लागले होते.

"आज मी त्याच नमुन्याची नवी जाळी करून यंत्रात घातली. परवाची खराब असणार," विद्यार्थिनी म्हणाली. "तुम्ही तर पंधरा मिनिटं पाहिल्याशिवाय 'नाही' म्हणतच नाही."

हा नियम बाईंनीच तिच्या डोक्यात भरला होता. परवा मात्र त्या स्वतः तीन मिनिटांत उठल्या होत्या. सिनेमाची तिकिटं काढलेली होती. सिनेमाही धड नव्हता.

जाळ्या तयार करणारे काका दारातच उभे होते. तांब्याची ती जाळी मसुरीच्या डाळीएवढी. तिच्यावर नमुन्याचा थेंब चढवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती.

"माझाच हात चुकला असेल," ते म्हणाले. "हल्ली थरथरतो जरा. त्या बाळांच्या आयांना काय तोंड दाखवू मी?"

तेव्हाच बाईंनी बोलायला हवं होतं. विद्यार्थिनी वॉर्डला फोन करायला गेली, तशी त्यांनी डबीतून परवाची जाळी काढून यंत्रात घातली आणि घड्याळ लावलं. चौथ्या मिनिटाला चाकं दिसली. चांगली ढीगभर.

लाजेने बाईंचे कान तापले. त्या खुर्चीवरून उठल्या. "काका, तुम्हीच बघा."

काका वाकले. बराच वेळ पाहत राहिले. जाळीत काहीच खोट नव्हती. आता त्यांनी आपल्याला चांगलं फैलावर घ्यावं, असं बाईंना मनापासून वाटलं.

"पुढच्या महिन्यात मी रिटायर होतोय," काका हळूच म्हणाले. "जाळी खराब होती, असंच लिहा. तुम्हाला अजून पुष्कळ वर्षं इथे बसायचंय."

रिपोर्टच्या दुरुस्तीच्या फॉर्मवर 'कारण' या शब्दापुढची जागा कोरी होती. बाईंनी पेन उचललं. शेजारी काकांनी चिमट्याने जाळी धरली आणि पहिल्याच प्रयत्नात डबीतल्या तिच्या खाचेत अलगद ठेवली. त्यांचा हात जराही हलला नाही.