रेशनचं मीठ

नळी वाकवायचं यंत्र आमच्याकडे नाही. वळताना चेपू नये म्हणून माझा नवरा रेमिहियो नळीत मीठ ठासतो, टोकं लाकडी खुंट्यांनी बंद करतो आणि चाकाच्या रिमवर ती वाकवतो. खरं तर वाळू भरायची, पण पावसाळ्यात कोरडी वाळू मिळणार कुठून? गेल्या महिन्यात रेशनचं मीठ संपलं, काम तर एकही आलं नव्हतं. “आपल्या सांतियागोची दमट हवा, मिठाचं पाणी झालं गं,” म्हणाला. आज आमची अख्खी गल्ली शेजारच्या एकट्या राहणाऱ्या ओडालिसचं बाळ पाहायला लोटली. पाळणा नळ्यांचा, एकही वळण चेपलेलं नाही. “कुणी केला गं?” मी विचारलं. “मातान्झासला राहणाऱ्या माझ्या भावानं पाठवला, काकू.” बाळाला निरखायच्या निमित्तानं वाकले आणि पाळण्याचा एक पाय हळूच उचलून त्याचं रबरी बूच काढलं. तळहातावर पांढरे दाणे पडले. जिभेला लावले, खारट. घरी येऊन काळ्या घेवड्याचा भात मुद्दाम अळणी शिजवला. रेमिहियोनं ताट संपवलं. मीठ मागितलंच नाही.