नाकासमोर

तिची ठेवणीतली रेशमी ओढणी घेऊन नवरा दीपगृहाची काच पुसत होता. ते बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी चालले! आता मेले तरी मागे वळून बघायची नाही," असं ठणकावून तिने पिशवी काखेला मारली आणि किनाऱ्याकिनाऱ्याने तरातरा निघाली. तिचा अवतार बघून वाळूतले खेकडेसुद्धा भराभर बिळात शिरले. शब्दाची पक्की ती! तासभर नाकासमोर चालली, पण एकदाही मागे वळली नाही.

बेट ते केवढंसं, बशीएवढं गोल! वळसा पुरा झाला आणि समोर तिचंच घर उभं.

पायरीवर दोन कप चहा घेऊन बसलेला नवरा म्हणाला, "आज उशीर केलास गं. भरती होती वाटतं?"