जुनी निळी, नवी निळी

तिसऱ्या खेपेला इंजिन खोकलं, चौथ्या खेपेला पेटलं आणि गॅरेजमध्ये धूर भरला. फेर्नांनं पोरीकडे विजयी नजरेनं पाहिलं.

"त्र्याहत्तर सालची आहे! आणि तुमची ती बाहेरची नवी निळी बया? बटण दाबलं की सुरू. त्यात काय मजा?"

"तेच तर कारखान्याला लिहून द्यायचंय मला," नॉएमी म्हणाली. "जुन्या अल्पीन गाडीत काय होतं आणि नवीत काय राहिलं. तू चालव, पापा. मी लिहिते."

'लिहिते' हा शब्द फेर्नांला टोचला. या पोरीनं लिहायचं? दिएपच्या ज्या कारखान्यात त्यानं तीस वर्षं गाड्यांची अंगं घडवली, तिथंच ती नव्या गाड्या चालवून तपासायची. मग दीड वर्षापूर्वी ओल्या पानांवरून तिची गाडी घसरली आणि चरात गेली. मोडलेलं मनगट जुळलं, पण स्टिअरिंगला हात लावायला ती तयार होईना. कागदपत्रांच्या टेबलावर जाऊन बसली. त्यातच तिची आई, सोलांज, गेली. "चालवतेस का गं?" असं फेर्नां फोनवर विचारायचा आणि "बघू, पापा," एवढंच उत्तर मिळायचं.

आजही नवी गाडी दारात आणली ती तिच्या कारखान्यातल्या सोबत्यानं, ल्युदोविकनं. नॉएमी शेजारच्या सीटवरून उतरली. ल्युदोविक चालत परत गेला. फेर्नांनं तेव्हाच ठरवलं, आज हिला चालवायला लावायचंच.

त्यासाठीच तो दोन दिवस जुन्या गाडीशी झटला होता. चौदा महिने ती ताडपत्रीखाली होती. बाहेर जायचं तसं कामच पडलं नव्हतं. पाव शेजारची मादाम व्हास कुंपणावरून द्यायची, औषधं दुकानवाला घरपोच आणायचा.

गाडी फाटकापाशी आली आणि त्याचे तळहात घामेजले. छातीत धडधडू लागलं. पोरीची काळजी म्हटली की असं होतंच. नॉएमी वहीत डोकं घालून बसली होती.

"निघू या?" त्यानं विचारलं.

"तू म्हणशील तेव्हा."

तो पाच मिनिटं तसाच बसून राहिला. इंजिन तापायला नको का? मग त्यानं क्लच सोडला.

पूरव्हिलचा चढ लागला तशी जुनी गाडी बोलू लागली. प्रत्येक खडा पाठीच्या कण्यात कळत होता. पेट्रोलचा वास, कानाशी इंजिनचा आरडाओरडा. वळणावर मागचं अंग जरा सुटलं आणि फेर्नांनं ते सहज आवरलं.

"लिही," तो ओरडला. "ही माफ करत नाही! चुकलं की लगेच ऐकवते."

"म्हणून तर आई हिला सासूबाई म्हणायची," नॉएमी ओरडली.

फेर्नां खदखदून हसला. हसताना डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं वाऱ्यावर ढकललं.

घरी येऊन त्यांनी नवी गाडी घेतली. रस्ता तोच. पण ही गाडी चढ नुसता गिळत होती. गिअर आपोआप पडत होते, वळणं सरळ झाल्यासारखी वाटत होती. तिला नावं ठेवायला फेर्नां आसुसला होता, पण सापडेना.

"बरी आहे," शेवटी तो पुटपुटला. "चुकलं तरी सांभाळून घेते. सुनेसारखी."

"बघ हं, लिहून घेतलं मी!"

वर पोचल्यावर त्यानं गाडी कडेला घेतली आणि गुडघा धरला. "आई गं! गेला गुडघा. आता घरी तूच ने, पोरी."

नॉएमीनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ती उतरली आणि स्टिअरिंगमागे येऊन बसली. हात त्यावर ठेवून थांबली.

"पापा, घरी जायच्या आधी आईकडे जाऊन येऊ?"

कड्यावरचं कबरस्तान तिथून मिनिटभरावर होतं. दफनानंतर तो तिकडे फिरकला नव्हता. एकट्यानं जायचं नाही, पोरीला घेऊन जायचं, असं त्यानं ठरवलं होतं. आणि पोरीला काही ते झेपलं नसतं.

"तुला जमेल?" त्यानं विचारलं.

"तू बरोबर असलास तर जमेल."

तिनं गाडी अलगद वळवली. कबरीवर ताजी फुलं होती. मादाम व्हासनं ठेवली असणार, फेर्नांच्या मनात आलं. खाली समुद्र दगडगोट्यांवर आपटत होता. त्यानं नॉएमीचा हात घट्ट धरला, तिला आधार हवा म्हणून. निघताना त्यानं कबरीच्या दगडावर तळहात टेकवला. "पोरगी चालवायला लागली बरं का," तो सोलांजला म्हणाला.

संध्याकाळी ल्युदोविक गाडी न्यायला आला. नॉएमी आत आम्लेट करत होती. फेर्नांनं त्याला बाही धरून अंगणात ओढलं.

"चालवली रे तिनं! वरपासून घरापर्यंत! मी गुडघ्याचं नाटक केलं. उद्या तुमच्या साहेबांना सांग, आमची पोरगी बरी झाली."

ल्युदोविक गोंधळून बघत राहिला. "नॉएमी? ती तर हिवाळ्यापासून रोज चालवते, मस्यू. सकाळीही कोपऱ्यापर्यंत तिनंच आणली, मग आम्ही जागा बदलल्या." तो जवळ सरकला आणि त्याचा आवाज खाली आला. "ते जाऊ द्या. तुम्ही खरंच घराबाहेर पडलात? सकाळपासून कारखान्यात सगळे मला तेच विचारतायत."