वाळवीने खाल्लेली नऊ पानं

ग्लेनिसला या सौद्यातून मिळायची होती ती नऊ पानं. त्यासाठी जायचं होतं ते किरकोळच: ॲडलेडला जाऊन यायला सात तासांची गाडी आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराचं एक व्याख्यान. अडुसष्टाव्या वर्षी सुख याहून स्वस्तात मिळत नाही, असं तिने स्वतःला पटवून टाकलं होतं.

कादंबरी तिच्या लहानपणची. समुद्रातल्या एका बेटावरची दोन मोठी भावंडं आणि त्यांना छळणारा मामा. ग्लेनिस सहा वर्षांची असताना ते पुस्तक टपालाने त्यांच्या मेंढ्यांच्या रानात आलं. सर्वांत जवळचा शेजार चाळीस मैलांवर, त्यामुळे पुस्तक हाच शेजारी. ती अक्षरं जुळवायला शिकली तीही त्याच पुस्तकावर. पण ती शेवटाला पोचायच्या आत वाळवी पोचली. शेवटची नऊ पानं साफ.

मग शेवट सांगितला मर्विनने, तिच्याहून सात वर्षांनी मोठ्या भावाने. त्याच्या रेडिओवरच्या शाळेत बाईंनी ही कादंबरी पूर्ण वाचून दाखवली होती म्हणे.

मर्विनचा शेवट असा. मामा पक्का संशयी, कुणाच्या हातचं पाणीही घ्यायचा नाही. त्याचा विश्वास फक्त घरातल्या छोटीवर. एका दुपारी थोरल्याने चहात डिंगो, म्हणजे रानटी कुत्रे, मारायचं विष कालवलं आणि तो चहाचा मग छोटीच्या हातात दिला. छोटीने तो एक थेंबही न सांडता अंगणापलीकडे नेला. मामा झोपला. त्याला कोरड्या विहिरीत उतरवून वर पत्रा टाकला, आणि त्या घरात पुन्हा कुणी ओरडलं नाही.

ग्लेनिस दर हिवाळ्यात ती कादंबरी वाचायची. नवी नवरी असताना वाचली, थोरल्या मुलीच्या वेळी अवघडलेली असताना वाचली, नवरा गेला त्या महिन्यातही वाचली. वाळवीच्या पानाशी आली की पुस्तक मिटायची आणि पुढचं मर्विनच्या शब्दांत मोठ्याने सांगायची. आधी मुलांना, आता नातवंडांना. छोटी तिची भारी लाडकी. चहा नेण्याचा प्रसंग ती उठून, पावलं मोजत, करून दाखवायची.

छोटी त्या एकाच प्रकरणात कशी उगवते, असं तिने लहानपणी विचारलं होतं. "लहान पोरांचं तसंच असतं," मर्विन म्हणाला होता. "कामापुरती दिसतात." मागच्या वर्षी नातीने निराळीच खोड काढली. समुद्रातल्या बेटावर डिंगो आले कुठून, पोहत? लिहिणाऱ्या शहरी माणसांना रानातलं काय कळतंय, म्हणून ग्लेनिसने तिला वाटेला लावलं.

वडील तिला आठवत नव्हते. ती चार वर्षांची असताना ते गुरं हाकणाऱ्यांबरोबर क्वीन्सलंडला गेले आणि तिकडचेच झाले. आई पुढे रात्र रात्र जागी असायची. बिचारी वाट बघते, असं येणारेजाणारे म्हणत. मर्विनने लग्न केलं नाही, रान विकलं नाही, एक रात्र बाहेर काढली नाही. याने मेंढीशीच सूत जुळवलंय, अशी थट्टा व्हायची. तो हसून घ्यायचा. शेवटी मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आला तेव्हा कुठे त्याला उचलून पोर्ट ऑगस्टाला, ग्लेनिसच्या घराजवळच्या नर्सिंग होममध्ये आणलं.

आता डॉक्टर आठवड्यांच्या भाषेत बोलत होते. आयुष्यभर ज्याचा शेवट तिने उसना वापरला, त्याला तो एकदा छापील वाचून दाखवावा, एवढीच तिची घाई होती.

दुकानदाराने कागद, बांधणी, सगळं ऐकवलं. नऊ पानांसाठी अख्खं पुस्तक नेणारं गिऱ्हाईक पहिलंच, असा टोमणाही मारला. बाकीचं मला पाठ आहे, म्हणाली ग्लेनिस. वाटेत दोनदा चहाला थांबली, पण शेवट उघडला नाही. तो दोघांनी मिळून उघडायचा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मर्विनची उशी सारखी केली, चष्मा चढवला आणि वाचायला घेतलं.

मामा रडला. भावंडांची क्षमा मागितली आणि होडीत बसून निघून गेला. भावंडं धक्क्यावर उभी राहून रुमाल हलवत राहिली. समाप्त.

पानं चिकटली असतील म्हणून तिने नखाने चाचपून पाहिली. आकडे बरोबर होते. मागे जाऊन नऊच्या नऊ पुन्हा वाचली.

"मेल्याने दुसरीच आवृत्ती गळ्यात मारली," ती पुटपुटली. "मर्व, यात छोटी नाहीच रे. विष नाही, विहीर नाही. तुझ्या बाईंनी वाचली ती प्रत कुठली होती?"

 झटक्यापासून एकेक शब्द जमवायला मर्विनला वेळ लागे. बाहेर चहाची गाडी खडखडत आली आणि पुढे गेली.

"बाईंनी... हेच वाचलं," तो म्हणाला. "ती पानं मी वाळवीच्या वारुळात घातली."

"का रे?"

"झोपेतून उठायचीस. आईला विचारायचीस, मी तो चहाचा मग कुणाला नेला, ते का झोपले." त्याने दम घेतला. "तुला आठवायला लागलं होतं, ग्लेन. म्हणून मी ते पुस्तकात घातलं."

त्या एका मगाची किंमत बापाने एका दुपारीत चुकती केली होती, आईने मरेपर्यंत, आणि मर्विन चौसष्ट वर्षं झाली तरी अजून देतच होता. ग्लेनिसकडे ती आजवर कुणी मागितलीच नव्हती.