मरव्याच्या काड्या

वळसंगच्या थोरल्या जाऊबाई गेल्या, तेव्हा त्यांच्या परसातला मरवा तरी राहावा म्हणून मालतीबाईंनी चार काड्या सोलापूरला आणून कुंडीत खोचल्या.

पंधराव्या दिवशी दुपारी त्यांनी बाल्कनीत बसून एक काडी हलकेच ओढून पाहिली. ती जागची हलली नाही.

"अहो, मुळं धरली की हिनं," त्या आत बसलेल्या नारायणरावांना म्हणाल्या.

तेवढ्यात काडीनेच त्यांचा हात खाली ओढला, अगदी हळूच.

त्यांनी काडी उपटली आणि कुंडी फरशीवर पालथी केली. ओल्या मातीत काहीच नव्हतं.

"काय झालं गं?" नारायणरावांनी विचारलं.

काडीला एकही मूळ फुटलेलं नव्हतं. मालतीबाई ती फेकणार, तोच चिमटीतली काडी पुन्हा खाली ओढली गेली, आणि या वेळी बोटं सुटेनात.